दाराकडे पाठ

बालवर्गाच्या बाईंना स्वतःला काडीचाही दम नव्हता. चहाला उकळी येईपर्यंत त्या शेगडीसमोर उभ्या राहून पातेल्यालाच बोल लावायच्या. बस दिसेना म्हटलं की पुढच्या थांब्याकडे चालत सुटायच्या, आणि त्या अर्ध्या वाटेत असताना बस मागून येऊन पुढे निघून जायची. पण वर्गात? वर्गात त्यांच्यासारखी पोरं गप्प बसवणारं दुसरं कुणी त्या शाळेला आजवर मिळालं नव्हतं. घरी जायच्या वेळेला बाकीच्या वर्गांत मासळीबाजार भरायचा. बाईंच्या वर्गात मात्र सगळी पोरं हाताची घडी, तोंडावर बोट. मुख्याध्यापिका पाहुण्यांना मुद्दाम त्या वर्गाच्या खिडकीपाशी थांबवून आतलं दृश्य दाखवायच्या. बाईंच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे. गुण हाताला नव्हता, दाराला होता.

वर्ग लांबट होता. एका टोकाला फळा आणि बाईंची खुर्ची, दुसऱ्या टोकाला दार. मुलं चटईवर बाईंकडे तोंड करून बसायची, म्हणजे दाराकडे त्यांची पाठ. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला दाणेदार काच होती. तिच्यातून पलीकडचं माणूस दिसायचं नाही, त्याचा नुसता आकार दिसायचा, कडा विरघळलेला. पण वीसेक वर्षं तीच काच बघून बाईंची नजर अशी तयार झाली होती की साध्या डागावरून त्या माणूस ओळखायच्या. हा उंच डाग म्हणजे चष्मेवाल्या पोराचे आजोबा. हा बुटका, वर अंबाडा असलेला, म्हणजे जुळ्यांची मोठी काकू.

पालकांना बाईंचा नियम माहीत होता. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, येऊन नुसतं उभं राहायचं. काचेवर आजोबांचा आकार उमटला की बाई तो मुलांच्या डोक्यांवरून टिपायच्या आणि अगदी सावकाश म्हणायच्या, आज आपला चष्मेवाला किती शहाण्यासारखा बसलाय, इतकं छान बसल्यावर त्याचं माणूस आलंच पाहिजे, मोजू या का? सगळा वर्ग मोजायचा. तीन म्हटलं की मावशी, म्हणजे शाळेच्या शिपाईणबाई, दार उघडायच्या, आणि दारात आजोबा हजर.

मुलांचे डोळे रोज तितकेच मोठे व्हायचे. एखाद्याची चुळबुळ चालू असली तर त्याचं माणूस येऊन दाराशी ताटकळत उभं असलं तरी बाई त्याच्याकडे बघायच्याही नाहीत. तो सरळ बसला की मग मोजणी, मग दार. चार वर्षांच्या डोक्याला यातून एकच गोष्ट कळते: आपण गप्प बसलो की आपलं माणूस येतं. बाईंना नेमकं तेच हवं होतं. हे खोटं आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पण लहान पोरांशी अर्धं बोलणं खोटंच असतं, बागुलबुवाने आजवर कुणाचं काय वाकडं झालं, असं त्या म्हणायच्या. पालकही हसायचे, गंमत बाहेर फोडायचे नाहीत. आपल्याला घरी न जमलेली गोष्ट दुसरं कुणी करून देत असेल तर कशी करता म्हणून कोण विचारतो?

त्या वर्षी वर्गात एक पोरगी आली. पायाला भिंगरी बांधल्यासारखी, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचं नाव भिंगरी पडलं, आणि खरं नाव हजेरीपुरतं उरलं. ही चटईवर बसायची ती उठण्यासाठीच. डबा उघडायच्या आधी दुसऱ्याच्या डब्यात डोकं, गोष्ट अर्धी झाली नाही तोच शेवट काय म्हणून भुणभुण. तिला थांब म्हटलं की ती खरंच थांबायची, एका पायावर, आणि दुसरा पाय हवेत ठेवून विचारायची, "झालं थांबून?"

खाण तशी माती. तिची आई एका लाँड्रीत इस्त्री करायची. तिथून सुटली की पळतच यायची, कपाळावर वाफेने चिकटलेले केस, खांद्याला एवढी मोठी पिशवी, आणि दाराशी आली की नियमबियम सगळा विसरून नखांनी काचेवर टकटक करायची. झालं. टकटक ऐकली की भिंगरी उसळून उभी, तिच्या मागे सगळा वर्ग मान वळवणार, आणि बाईंच्या जादूचा बट्ट्याबोळ. दोन-तीनदा बाईंनी सोसलं. मग एक दिवस तिला बाजूला घेऊन सुनावलं की तुम्हालाच दोन मिनिटं दम धरवत नाही तर पोरीला कुठून धरवणार. आईने जीभ चावली, हसली, चुकलं म्हणाली. त्या दिवसापासून तीही इतरांसारखी बाहेर मुकाट उभी राहू लागली. काचेवर पिशवीचा मोठा डाग दिसायचा आणि बोटं वर गेलेली, अर्ध्यात थांबलेली. बाईंना तेव्हा मनातून बरं वाटायचं. एक पोर आणि एक बाईमाणूस, दोघींना वळण लावतोय आपण.

भिंगरीला वळण लागायला मात्र वेळ लागला. बाईंनीही तिचा पिच्छा सोडला नाही. सगळ्यात चुळबुळं पोर गप्प बसलं तर बाकीच्यांची बिशाद काय, असा त्यांचा हिशोब. त्या तिच्या आईला बाहेर उभं करून ठेवायच्या, भिंगरीचे हात घडीत जाईपर्यंत, बोट ओठावर येईपर्यंत, ढुंगण चटईला टेकेपर्यंत. कधी कधी बाकीची सगळी मुलं गेलेली असायची आणि काचेवर तो एकच डाग उरलेला असायचा. मग कधीतरी तिला जमलं. थंडी सरायच्या सुमाराला ती बऱ्यापैकी बसायला लागली होती.

आणि त्याच सुमाराला आई यायची बंद झाली. पोटात गाठ निघाली, दवाखान्यात ठेवलंय, असं भिंगरीच्या आत्याने दाराशी दबक्या आवाजात सांगितलं. भिंगरीचा बाप औषधांची गाडी चालवायचा, दुकानोदुकानी खोकी पोचवायचा, त्यामुळे दुपारी पोरीला न्यायचं काम आत्याकडे आलं. आत्या भली बाई होती पण सदा घाबरलेली. पोरीला सगळं सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. आई बरी व्हायला गेलीये, येईल, एवढंच तिला सांगितलेलं.

भिंगरी रोज विचारायची, आई कधी येणार? बाईंच्या वर्गात या प्रश्नाला पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर होतं. आणि जिभेला एकदा सवय लागली की ती डोक्याला विचारायला जात नाही.

"नीट बसलीस की येते," बाई म्हणाल्या.

त्या बोलल्या आणि विसरल्या. भिंगरी विसरली नाही.

मग एक दिवस दुपारी काचेवर एक आकार आला. अरुंद होता, डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं, आणि सरळ उभा नव्हता, चौकटीला कलला होता. बाईंना पहिल्यांदाच एखादा डाग ओळखू आला नाही. मग त्या आकाराचा हात वर गेला, बोटं काचेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. तेव्हा बाईंना कळलं, ही भिंगरीची आई. पिशवी नव्हती म्हणून ओळख पटली नव्हती इतकंच.

तेव्हाच मावशींना खूण करून दार उघडता आलं असतं. बाईंच्या मनात ते आलंसुद्धा. पण भिंगरी नेमकी त्या वेळी शेजारणीची वेणी ओढत होती, आणि बाईंना वाटलं, अशी संधी पुन्हा येणार नाही. आज जर हिला कळलं तर जन्मभराचं कळेल. म्हणून त्यांनी भिंगरीला पुढे बोलावलं. घडी घालायला लावली. बोट. अजून सरळ. पाय आत. आज काहीतरी मोठं होणार आहे असं वर्गालाही वाटलं असावं, कारण पोरं श्वास धरून बसली. भिंगरी आयुष्यात कधी बसली नव्हती इतकी स्तब्ध बसली. आणि बाईंनी तीनपर्यंत नाही, चांगलं दहापर्यंत मोजायला लावलं. काचेवरचा आकार तोवर आणखी थोडा खाली घसरला होता. तेही बाईंनी पाहिलं.

दार उघडलं. भिंगरी वळली, आणि क्षणभर जागची हललीच नाही. मग धावली. आईने तिला उचललं नाही. दाराजवळच्या चपलांच्या बाकड्यावर ती आधी बसली, मग पोरीला मांडीत ओढलं आणि तिच्या केसांवरून बाईंकडे बघून दम खात म्हणाली, "बघा बाई, मीसुद्धा दम धरला आज."

हसत होती ती. बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी शिक्षिकांच्या खोलीत त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यातून चार दिवस घरी सोडलेल्या बाईमाणसाला आपण दारात किती वेळ उभं केलं, हा भाग सांगताना गळाला.

आई पुन्हा दवाखान्यात गेली ती गेलीच. भिंगरीला आता विचारायचीही गरज पडत नव्हती. सकाळी आली की ती चटईच्या पुढच्या कडेला बसायची आणि घडी घालायची. अधूनमधून बाईंकडे बघायची, बरोबर बसलेय ना, अशा नजरेने. बाई मान डोलवायच्या. एकदा तर त्या म्हणाल्यासुद्धा, मागच्या वेळी आली होती की नाही? हे वाक्य पुढे त्यांच्या कानात फार दिवस वाजत राहिलं.

पोरगी आत्याकडे असताना आई दवाखान्यात वारली. शाळेत ही बातमी फोनवर आली. भिंगरी आठ-दहा दिवस आली नाही, मग आली. स्वच्छ कपडे, केस कुणीतरी अनाडी हाताने बांधलेले. आईचं पोरीला सांगितलंय, असं आत्या बाईंना म्हणाली. तिला कळलंय का, असं बाईंनी विचारलं तेव्हा आत्या रडायला लागली. त्यामुळे ते बोलणं तिथेच राहिलं.

भिंगरी बसली. खेळायच्या तासाला सगळी पोरं मैदानात पळाली, ती बसलीच होती. डबा खाल्ला तो एका हाताने, दुसरा हात छातीशी घडीत. बाईंनी तिला बाहेर नेऊन घसरगुंडीपाशी उभं केलं तर तिथेही ती शाळेच्या इमारतीकडे पाठ करून उभी राहिली. बाजूच्या वर्गाची शिक्षिका म्हणाली, किती समजूतदार झाली हो, दुःखाने मुलं एकदम मोठी होतात. खरं सांगायचं तर बाईंनाही पहिले एक-दोन दिवस सुटल्यासारखं वाटलं होतं. रडारड होईल, आकांत होईल, आपण काय बोलायचं, याची त्यांनी धास्ती घेतली होती. शांत बसलेलं पोर बघायची त्यांच्या डोळ्यांना इतकी सवय होती की त्यात काही वावगं आहे हे त्यांना दिसलंच नाही.

दिसलं ते मावशींना. एका दुपारी त्या बाईंच्या कानाशी येऊन म्हणाल्या की पोरीची चटई ओली आहे. भिंगरीला कधीच असं होत नसे. मावशींनी तिला आत नेलं, कपडे बदलले आणि विचारलं, बाळा, सांगायचं नाही का? ती म्हणाली, उठायचं नसतं.

त्याच संध्याकाळी भिंगरीचा बाप शाळेत आला. मुलं गेली होती, बाई खडू आणि ठोकळे आवरत होत्या. गाडी चालवणाऱ्याचा खाकी शर्ट तसाच अंगावर होता. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. लहानशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि त्याने सांगितलं की पोरगी घरी भिंतीकडे तोंड करून बसते, दाराकडे पाठ. तो कामावरून आला की वळून बघत नाही. जेवायला उचलून न्यावी लागते.

बाई म्हणाल्या की मुलं आपापल्या परीने दुःख करतात, वेळ लागतो, धीर धरायला हवा. तोंडातून धीर हा शब्द गेला आणि त्यांचं त्यांनाच ओशाळवाणं वाटलं.

बापाने त्यांचं बोलणं संपू दिलं. मग म्हणाला, "बाई, ती म्हणते, ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी आत्याकडे ती मांजरामागे धावली होती. बसली नाही, म्हणून आई आली नाही."

"असं कुणी सांगितलं तिला?"

"तुम्हीच ना."

बाईंनी खाली बघितलं. ठोकळे हातातच होते.

"मी रोज सांगतो तिला, तसं नसतं म्हणून," तो म्हणाला. "ऐकत नाही. म्हणते, बाईंच्या वर्गात तसंच असतं, मी बघितलंय. आता ती मांजराची भरपाई करतेय. खूप बसलं तर चालेल का, विचारते मला." त्याने तळहाताने चेहरा पुसला. "मला भांडायचं नाही तुमच्याशी. माझ्यात ताकद नाही तेवढी. पण तुम्ही घातलंय तिच्या डोक्यात, तुम्हीच काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या शेगडीवरचा चहा उतू गेला, खाली सांडला, जळका वास घरभर पसरला, आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या. पोरीला काय सांगायचं ते त्या मनाशी जुळवत होत्या. पण सारखा समोर यायचा तो काचेवरचा कललेला आकार. दहा आकडे. किती सावकाश मोजले होते. त्या मायलेकींच्या वाट्याला जी काही थोडी मिनिटं उरली होती त्यातली काही आपण दारात उभी करून खाल्ली, आणि कशासाठी, तर पोरीला एक खोटी गोष्ट पक्की पटावी म्हणून. कुणी त्यांना या गोष्टीचा जाब विचारणार नव्हतं. बापाला तर ते माहीतही नव्हतं.

बाईंनी आधी बोलून पाहिलं. भिंगरीला जवळ घेतलं, आई आजाराने गेली, गेलेलं माणूस परत येत नाही, तुझ्या बसण्या-उठण्याने काही झालेलं नाही, असं चार-चारदा सांगितलं. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं, शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि जाऊन पुन्हा चटईवर बसली. चूक तिची नव्हती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: ती बसली आणि आई आली. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुढे बाईंचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा बाईंनी ठरवलं की दाखवायचं. वीस वर्षं जे झाकून ठेवलं ते उघडं करायचं. याचा अर्थ त्यांना नीट कळत होता. हे पोर ही गोष्ट पोटात ठेवणार नव्हतं, उद्या सगळ्या वर्गाला कळलं असतं, आणि त्यानंतर या खोलीत कुणी घडी घालून बसलं नसतं. बसू नका म्हणावं. त्याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं.

घरी जायची वेळ झाली. बाईंनी भिंगरीला चटईवरून उठवून आपल्या खुर्चीवर बसवलं. ती घाबरली. त्या खुर्चीवर कुणी पोर कधी बसलं नव्हतं. मग बाईंनी बाकीच्यांना सांगितलं की आज घडी नाही, बोट नाही, काय धुडगूस घालायचा तो घाला. पोरांचा आधी विश्वासच बसेना. मग एकाने उशी फेकली, आणि क्षणात असा गोंधळ माजला की मावशी कपाळाला हात लावून दाराशी उभ्या राहिल्या.

बाई खुर्चीशेजारी उकिडव्या बसल्या. त्यांचे गुडघे दुखत होते.

"ती काच बघ," त्या भिंगरीला म्हणाल्या. "काय दिसतंय?"

भिंगरीने बघितलं. वर्षभर जी तिच्या पाठीमागे होती ती काच ती या बाजूने पहिल्यांदाच बघत होती. "कायतरी काळं," ती म्हणाली.

"ते चष्मेवाल्याचे आजोबा आहेत. आणि चष्मेवाला बघ काय करतोय."

चष्मेवाला खिडकीच्या गजांना लोंबकळत होता. बाईंनी खूण केली, मावशींनी दार उघडलं, दारात आजोबा. भिंगरी आजोबांकडे बघत राहिली, मग चष्मेवाल्याकडे, मग पुन्हा दाराकडे. दार मिटलं. काचेवर दुसरा आकार आला. बाईंनी विचारलं, हे कोण असेल? भिंगरीने बराच वेळ निरखून जुळ्यांची काकू म्हणून सांगितलं. जुळी एकमेकांच्या छातीवर बसून मारामारी करत होती. दार उघडलं, काकूच होती.

तिसरा तिने चटकन ओळखला. चौथाही. आता बाईंना काही सांगावं लागत नव्हतं. ती पुटपुटत होती, लाल स्वेटरची ताई, कुरळ्याचे बाबा, आणि बाई नुसत्या खूण करत होत्या. एकेक माणूस येत होतं आणि एकेक आरडणारं, ओरडणारं, घाम फुटलेलं पोर हाताला धरून नेत होतं. कुणीही बसलं नव्हतं. सगळ्यांची माणसं आली.

खोली रिकामी झाली. मावशी चटया गुंडाळायला लागल्या. भिंगरीने अजून काचेवरची नजर काढली नव्हती.

"बाई, तुम्हाला आधीच दिसायचं?"

"हो."

"रोज?"

"रोज. मी खोटं सांगत होते तुम्हाला. तुम्ही शांत बसावं म्हणून."

भिंगरीने हे मनात कुठेतरी नेऊन ठेवलं. रागावली नाही. बाईंना वाटत होतं की तिने रागवावं, हात उगारावा.

"मग आई आली होती तेव्हा?"

"ती आधीच येऊन उभी होती. तू बसली नसतीस तरी ती दारातच होती." बाई तिथे थांबल्या नाहीत. "मीच तिला बाहेर थांबवलं. लगेच उघडायला हवं होतं."

"आणि मी मांजरामागे गेले नसते तरी?"

"तरी ती आली नसती, बाळा. ती खूप आजारी होती. तुझं काही चुकलं नाही. काहीच नाही."

भिंगरीचे हात मांडीवर होते. घडी सुटलेली बाईंनी पाहिली. सुटली पोरगी, त्यांना वाटलं. उद्या पळेल, पडेल, गुडघे फोडून घेईल. केलं ते निस्तरलं.

काचेवर एक आकार आला. आत्याचा नव्हता; रुंद खांद्यांचा, मान खाली घातलेला. त्याला दार वाजवायचं नसतं हे माहीत होतं, म्हणून तो येऊन नुसता उभा राहिला.

"बाबा," भिंगरी म्हणाली. मग ती खुर्चीत थोडी पुढे सरकली आणि डोळे बारीक करून त्या आकाराच्या बाजूला बघू लागली, या कडेला, त्या कडेला, जिथे काच नुसती पांढरी होती. तिने अगदी नीट बघितलं.

"एकटाच आहे," ती म्हणाली.

"हो."

भिंगरी बाईंकडे वळली. गेले कित्येक दिवस तिच्याकडे करण्यासारखं एक काम होतं. अवघड होतं, पाय दुखायचे, कपडे ओले व्हायचे, पण ते केलं की काहीतरी होणार होतं. ते काम बाईंनी आत्ता तिच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि हे बाईंना तिचा चेहरा बघेपर्यंत कळलं नव्हतं.

"मग आता मी काय करू?" तिने विचारलं.

या प्रश्नाला बाईंकडे वर्षानुवर्षं एकच उत्तर असायचं. बस. शांत बस. ते त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत आलंसुद्धा. त्यांनी ते गिळलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. बाप बाहेर तसाच उभा होता. पोरगी उत्तराची वाट बघत होती, आणि वाट बघायला तर तिला त्यांनीच शिकवलं होतं. मग बाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि दार उघडायला गेल्या.